तीनशे रुपयांची मेमरी

बीऽऽप... बीऽऽप... बीऽऽप...

सकाळचे पावणेआठ. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल आणि तोंडात अर्धी पोळी अशा अवस्थेत मी चपला शोधत होते. आधी वाटलं, खाली कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेतोय. पण आवाज घरातलाच होता. बाबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर रडत होता! स्क्रीन काळीठिक्कर, आतला पंखा गरगरतोय आणि थांबून थांबून एक लांबलचक बीप.

'काल रात्रीपासून असंच चाललंय,' बाबा म्हणाले.

'मग बंद करून चालू करा ना!' माझं सगळं तांत्रिक ज्ञान मी एका वाक्यात संपवलं आणि मेट्रो पकडायला पळाले.

आता माझी ओळख. मी चकाल्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. म्हणजे साकीनाक्याहून मेट्रोने तिसरं स्टेशन. दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरसमोर. नातेवाइकांत माझी ख्याती 'कॉम्प्युटरवाली' अशी. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं वायफाय रुसलं की मला फोन. आणि खरं सांगू? कॉम्प्युटरच्या डब्यात आत काय असतं, हे मी २९ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही 'टिकिट' टाकतो. सपोर्टचा मुलगा येतो, मशिन उचलतो, दुसरं ठेवतो. विषय संपला.

बाबांना टिकिट टाकायला मात्र माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

बाबा ६६ वर्षांचे आहेत आणि घरून डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, मंडळाची पावतीपुस्तकं, वर्षश्राद्धाची पत्रं. आमच्या खैरानी रोडच्या आसपास मराठी पत्रिका हवी असली की लोक अजून बाबांकडेच येतात. कारण 'चि. सौ. कां.' कुठे लिहायचं आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कुठे, हे त्यांना विचारावं लागत नाही. त्यांचा कॉम्प्युटर २०११ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला. दुसऱ्या पिढीचा कोअर आय थ्री, विंडोज सेव्हन, पेजमेकर आणि श्रीलिपी. डबा जमिनीवर नाही, उंच स्टुलावर. याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी बाबा साकीनाक्याच्या प्रेसमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि प्रेसचे दोन्ही कॉम्प्युटर पाण्याखाली. तेव्हापासून आमच्या घरात जमिनीवर एक वेळ माणूस झोपेल, पण सीपीयू बसणार नाही!

ही गोष्ट आहे २०२५ च्या नोव्हेंबरातली. तुळशीचं लग्न लागून गेलेलं, म्हणजे बाबांचा ऐन सीझन. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचं लग्न डिसेंबरात होतं. चारशे पत्रिका, शनिवारी सकाळी छपाईला द्यायच्या. आणि आज मंगळवार.

संध्याकाळी परत येईपर्यंत मी मेट्रोत उभ्या उभ्या सगळं ठरवून टाकलं होतं. लॅपटॉपचं मॉडेल, रंग, ईएमआय, सगळं. कारणही तयार होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट थांबवला होता आणि बाबांचं विंडोज सेव्हन तर जानेवारी २०२० मध्येच रिटायर झालेलं. म्हणजे हे मशिन पेन्शनीत निघून जवळजवळ सहा वर्षं झालेली!

'बाबा, फेकून द्या ते धूड,' मी घरात शिरता शिरता म्हटलं. 'जुनं झालंय. मी नवीन लॅपटॉप मागवते.'

बाबा चहा पीत होते. कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, '१९९६ साली मालकही असंच म्हणाले होते. खिळ्यांबद्दल.'

आई स्वयंपाकघरातून नुसती बघत राहिली. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

बाबा मूळचे कंपोझिटर. शिशाचे खिळे हाताने जुळवणारे. १९९६ मध्ये त्यांच्या प्रेसने ते खिळे किलोच्या भावाने भंगारात घातले आणि जुळाऱ्यांना सांगितलं, आता कॉम्प्युटर आलाय. बरेच जण गावी गेले. बाबा राहिले. छत्तिसाव्या वर्षी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ऑपरेटर मुलाच्या शेजारी स्टूल टाकून ते पेजमेकर शिकले. २०११ मध्ये ते प्रेसही बंद पडलं. हिशेबाचे जे पैसे मिळाले, त्यातून हा कॉम्प्युटर आला. म्हणजे मी ज्याला धूड म्हणत होते, तो त्यांचा दुसरा जन्म होता. आणि 'जुनं झालंय' हा शब्द त्यांनी आधी एकदा स्वतःबद्दल ऐकलेला होता.

तरी माझा हेका सुटला नव्हता. म्हटलं, फायली तर हलवता येतील! बाबांकडच्या पेन ड्राइव्हवर गेल्या वर्षीच्या काही पत्रिका होत्या. त्यांच्या पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ ची. ती फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडणारही नव्हती. म्हणून त्यातला साधा मजकूर सेव्ह केलेली फाइल उघडली, तर समोर नुसता कचरा! इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंबं. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी एखादा पासवर्ड लिहिल्यासारखं. युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले हे फाँट आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरायचे आणि त्यावर देवनागरीचे आकार चढवायचे. तो फाँट नसेल तर मुखवटा उतरतो. शिवाय बाबांचं सॉफ्टवेअर चालतं डोंगलवर. ते किल्लीसारखं मागे खोचलेलं असलं तरच उघडतं. थोडक्यात, नवीन लॅपटॉप शनिवारपर्यंत आला असता, पण काकूंच्या मुलीची पत्रिका काही निघाली नसती.

आता मात्र डबा उघडणं भाग होतं.

'आधी प्लग काढ,' बाबा म्हणाले. मी काढला. मग त्यांनी पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबायला लावलं, आत उरलेली वीज जावी म्हणून. मग डब्याच्या पत्र्याला हात लावायला सांगितलं. अंगातल्या स्थिर विजेचा साधा झटका, आपल्याला जाणवतसुद्धा नाही असा, आतल्या चिपला मारू शकतो. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं? 'मशिन आणलं तेव्हा तो मुलगा करत होता. मी बघत होतो.' झालं!

आत काय नव्हतं? चौदा वर्षांची धूळ, दोन मेलेली झुरळं आणि पालीचं एक अंडं. पेंटिंगच्या ब्रशने सगळं झाडलं. मग मदरबोर्डवर दोन लांबट पट्ट्या उभ्या खोचलेल्या दिसल्या.

'हीच रॅम,' बाबा म्हणाले. 'स्टिक म्हणतात याला.' आणि हसले. 'आमच्याकडेही स्टिकच होती.'

मग त्यांनी मला रॅम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मला! सॉफ्टवेअर कंपनीतल्या पोरीला! कंपोझिटरच्या समोर मोठी केस असते, शेकडो खणांची, सगळे खिळे तिच्यात. ती म्हणजे हार्ड डिस्क. आणि डाव्या हातात असते छोटी धातूची स्टिक. खिळे उचलून तिच्यात ओळ जुळवायची. चार-सहा ओळी झाल्या की स्टिक भरते. मग ती गॅलीवर उतरवायची आणि पुन्हा सुरुवात. केस कितीही मोठी असो, एका वेळी हातात मावतं तेवढंच काम होतं. स्टिक छोटी असेल तर सारखं उतरवत बसावं लागतं. कॉम्प्युटर स्लो होतो तो असा. रॅम भरली की तो सामान डिस्कवर उतरवत राहतो, पुन्हा उचलत राहतो आणि आपण माउस आपटत राहतो.

इतक्या सेमिनारांना जाऊन आले, पण हा फंडा इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या, पट्ट्या वर आल्या. खालच्या कडेचे सोनेरी दात काळवंडलेले. यावरचा उपाय तुमच्याही कंपासपेटीत आहे. साधा पांढरा खोडरबर! हलक्या हाताने दातांवरून फिरवायचा, चुरा झटकायचा, खाच बघून पट्टी परत बसवायची आणि दोन्ही क्लिपा 'खट' वाजेपर्यंत दाबायची. प्लग लावला, बटण दाबलं. बीप नाही! विंडोजचा झेंडा आला! आईने टाळ्या वाजवल्या. मी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हार्डवेअर इंजिनिअर'.

तासाभरात स्क्रीन निळी झाली आणि मशिन आपोआप रीस्टार्ट झालं.

अडलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही, शॉपिंग सुचतं. मी बुधवारी ऑफिसातूनच आठ जीबीची रॅम मागवली. तिचे भाव बघून डोळे पांढरे झाले होते. त्या दिवसांत जगभर मेमरी महागली होती. एआयच्या डेटा सेंटरना इतकी मेमरी लागत होती की चिप बनवणाऱ्या कंपन्या आधी त्यांच्याकडे माल वळवत होत्या. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर 'क्रुशियल' या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा चॅटबॉटचं बिल साकीनाक्याच्या लग्नपत्रिकेपर्यंत येतं ते असं!

गुरुवारी पार्सल आलं. पट्टी काढली, स्लॉटवर ठेवली. बसेना. उलटी केली. तरी बसेना. जोर लावणार तेवढ्यात बाबांनी हात धरला.

'खाच बघ.'

पट्टीची खाच एकीकडे, स्लॉटमधला खुंटा दुसरीकडे. मी मागवली होती डीडीआर फोर आणि मशिन होतं डीडीआर थ्रीचं. थ्रीला २४० पिना, फोरला २८८. थ्री दीड व्होल्टवर चालते, फोर एक पूर्णांक दोनवर. चुकीची पट्टी चुकून बसू नये म्हणूनच खाच हलवलेली असते. एवढा विचार बनवणाऱ्यांनी केला होता. मी नव्हता केला.

'पत्रिका न वाचता लग्नाला गेल्यासारखं झालं,' बाबा म्हणाले. 'हॉल भलताच!'

रॅम परत पाठवली. संध्याकाळी बाबांबरोबर चालत निघाले. साकीनाक्याला मी लहानपणापासून राहते, पण माझा साकीनाका म्हणजे मेट्रोचा जिना, रिक्षांची रांग आणि अंधेरी-कुर्ला रोडचा हॉर्न. बाबांचा साकीनाका वेगळाच आहे. ते मला अशा एका गल्लीत घेऊन गेले, जिथे एका बाजूला स्क्रीन प्रिंटिंग, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची मोल्डिंग मशिनं आणि मध्ये एक सहा बाय आठचा गाळा. भिंतभर मदरबोर्ड टांगलेले. पुठ्ठ्याच्या खोक्यात रॅमच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या, जुन्या लायब्ररीतल्या कार्डांसारख्या.

मी आत्मविश्वासाने म्हटलं, 'डीडीआर थ्री, आठ जीबी द्या.'

दुकानदाराने माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांना विचारलं, 'चाचा, विंडोज बत्तीस बिट है या चौसठ?'

बाबांना माहीत होतं. बत्तीस.

'तो आठ जीबी क्या करोगे? चार के उपर वो देखेगा ही नहीं.'

बरोबर होतं त्याचं. बत्तीस बिटांचं विंडोज मेमरीचे पत्ते बत्तीस आकड्यांत लिहितं, प्रत्येक आकडा शून्य किंवा एक. असे पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर चार जीबी. पोस्टमनकडे चार जीबीपर्यंतचेच घरनंबर आहेत. पुढे कितीही इमारती बांधा, पत्रं पोचणार नाहीत. त्या चारातलेही काही पत्ते ग्राफिक्स वगैरे मंडळी घेतात, म्हणून स्क्रीनवर सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरण्याजोगी दिसते. चौसष्ट बिटांचं विंडोज टाकता आलं असतं, पण मग पेजमेकर, डोंगल, फाँट, सगळंच पुन्हा बसवायला घ्यायचं. शनिवार दोन दिवसांवर असताना? अजिबात नाही.

खोक्यात सोळा जीबीच्या काही पट्ट्या चक्क स्वस्तात दिसल्या. माझे डोळे चमकले. 'वो सर्वर का माल है,' तो म्हणाला. 'घर के मशिन में नहीं चलेगा.' सर्व्हरच्या रजिस्टर्ड प्रकारच्या पट्ट्या दिसायला तशाच, पण साध्या मदरबोर्डवर चालत नाहीत. म्हणजे मी दुसऱ्यांदा फसता फसता वाचले.

मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मी मंगळवारपासून स्वतःला विचारायला हवा होता. 'मॅडम, दो में से बीमार कौन है, ये देखा?'

नव्हतं बघितलं. मी सरळ सगळं मशिन म्हातारं ठरवून मोकळी झाले होते. त्याने आम्हाला काहीही न विकता परत पाठवलं. आधी तपासा, मग या.

तपासणी सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. दोन पट्ट्या, दोन स्लॉट. म्हणजे चार जोड्या. एका वेळी एकच पट्टी लावायची आणि टेस्ट चालवायची. माझ्या लॅपटॉपवरून मेमटेस्ट८६ प्लस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि बाबांचं मशिन त्यावरून सुरू केलं. विंडोज उघडतच नाही, नुसती आकड्यांची स्क्रीन येते. हे सॉफ्टवेअर मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितं आणि मग वाचून बघतं, लिहिलेलं तेच आहे का.

'म्हणजे प्रूफरीडिंगच की,' बाबा म्हणाले.

रात्री अकरा वाजता आम्ही दोघं त्या स्क्रीनसमोर बसलो होतो. आई झोपलेली. टेस्टला वेळ लागतो म्हणून मी मोबाइलवर रॅमबद्दल वाचत होते आणि बाबांना सांगत होते. आज आपण वापरतो ती मेमरी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली. पेटंट मिळालं जून १९६८ मध्ये. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंब साठवणारा एक कपॅसिटर, बस्स. थेंब असेल तर एक, नसेल तर शून्य. पण हा थेंब गळतो. म्हणून प्रत्येक घर साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावं लागतं. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा! सतत कुणीतरी आठवण करून दिली, तरच ती लक्षात राहते.

'तुझ्या आईसारखंच,' बाबा म्हणाले. 'गॅस बंद केलास का, गॅस बंद केलास का...'

किती दिवसांनी आम्ही असे बसलो होतो! एरवी मी आठ वाजता येते, जेवते, मोबाइलमध्ये डोकं घालते. बाबांच्या कामाबद्दल मी शेवटचं कधी विचारलं होतं, आठवेना.

पहिली पट्टी दोन जीबीची, मशिनबरोबर २०११ मध्ये आलेली. माझा सगळा संशय तिच्यावर. चौदा वर्षांची म्हातारी! एका स्लॉटमध्ये टेस्ट पूर्ण. शून्य चुका. दुसऱ्या स्लॉटमध्ये पूर्ण. शून्य चुका. दुसरी पट्टी एक जीबीची, २०१५ मध्ये एका बंद पडलेल्या मशिनमधून काढून बसवलेली. ती लावून दहा मिनिटंही झाली नसतील, स्क्रीनवर लाल ओळी धडाधड यायला लागल्या. स्लॉट बदलला. तरी लाल.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'इतक्या चुका तर मी पहिल्या दिवशीच्या प्रूफातसुद्धा केल्या नव्हत्या.'

म्हणजे मशिन ठीक. स्लॉट ठीक. म्हातारी पट्टी ठणठणीत. बिघडली होती ती नंतर आलेली, बोटभर लांबीची एक पट्टी. आणि मी त्यासाठी अख्खं टेबल रिकामं करायला निघाले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि पोटात गोळा आला. रॅम नादुरुस्त असताना आपण फाइल सेव्ह केली, तर चुकीचा मजकूर डिस्कवर जाऊ शकतो. कॉपी केली तर कॉपीसुद्धा बिघडू शकते. मी मंगळवारी घाईघाईने 'सगळ्या फायलींचा बॅकअप घेऊ या' म्हणून बसले असते, तर चौदा वर्षांचं काम त्या आजारी पट्टीतून गेलं असतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी खराब पट्टी बाहेर, मग बॅकअप. आम्ही त्याच रात्री ती काढली आणि एकट्या दोन जीबीवर सगळ्या पत्रिका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. पहाटेचे दोन वाजले होते.

शुक्रवारी पुन्हा त्याच गाळ्यात. या वेळी मी नीट मागितलं. 'दोन जीबी, डीडीआर थ्री, डेस्कटॉपची. आधीच्या पट्टीचा स्पीड हा.' लेबलचा फोटोच काढून नेला होता. दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या पट्ट्या असल्या की दोन काउंटर एकदम उघडल्यासारखं होतं, कामाला दोन रांगा मिळतात. त्याने खोक्यातून पट्टी काढली, टेस्टच्या बोर्डवर लावून दाखवली. तीनशे रुपये. 'नहीं चला तो हफ्तेभर में वापस.'

मी सहज विचारलं, हा माल येतो कुठून?

'आप लोगों के ऑफिस से,' तो म्हणाला.

मला लिफ्टजवळचा तो ढीग आठवला. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसने सगळे डेस्कटॉप काढून लॅपटॉप दिले, तेव्हा काळ्या डब्यांची भिंत आठवडाभर लिफ्टपाशी उभी होती. आम्ही तिला टेकून कॉफी प्यायलो. ते सगळे डबे खरंच बिघडले होते? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार मोठ्या ऑफिसांनी असा माल नोंदणीकृत रिसायकलर किंवा दुरुस्ती करून परत वापरात आणणाऱ्यांकडेच द्यायचा असतो. पण साकीनाका-कुर्ल्याच्या गल्ल्यांमध्ये जुने कॉम्प्युटर सुटे करण्याचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. चालणारा भाग वेगळा निघतो. उरलेल्यातून तांबं-सोनं काढायला कुठे वायरी जाळतात, कुठे ॲसिड वापरतात आणि तो धूर करणाऱ्याच्याच छातीत जातो. आपण 'जुनं झालं' म्हणून हात झटकतो, तेव्हा ते कुणाच्या तरी हातात पडलेलं असतं.

शुक्रवारी रात्री नवी, म्हणजे खरं तर जुनीच, पट्टी बसली. मेमटेस्ट पूर्ण. शून्य चुका. पेजमेकर उघडायला आधी आम्ही आईला चहा टाकायला सांगायचो, आता तो आई 'हो' म्हणेपर्यंत उघडला! बाबांनी काकूंच्या मुलीची पत्रिका पुरी केली. शेवटचं प्रूफ मी वाचलं आणि एक चूकही काढली, मामांच्या नावात वेलांटी ऱ्हस्व पडली होती. शनिवारी सकाळी नऊला पत्रिका छपाईला गेली.

तुमच्याही घरात असा एखादा डबा रडत असेल, तर एवढं करा. बीप किती आणि कशी, ते लिहून ठेवा. प्रत्येक बोर्डाची भाषा वेगळी, ती त्याच्या मॅन्युअलमध्ये सापडते. प्लग काढून धूळ झाडा, खोडरबर फिरवा. मग एक एक पट्टी लावून तपासा. खरेदी सगळ्यात शेवटी, तीही पट्टीचा प्रकार आणि विंडोज किती बिटांचं आहे ते बघूनच. आणि ज्या विंडोजचा सपोर्ट संपलाय, ते मशिन इंटरनेटपासून लांबच ठेवा. बाबांच्या मशिनची केबल मी काढून टाकलीये. बँक, मेल सगळं ते मोबाइलवर करतात, या मशिनवर फक्त पत्रिका.

लॅपटॉपची ऑर्डर? अजून 'कार्ट'मध्ये पडून आहे. एक दिवस हे मशिन खरंच थांबेल, हे बाबांनाही कळतं. म्हणून रविवारी आम्ही दोघं बसून जुन्या पत्रिकांचा मजकूर एक एक करून युनिकोडमध्ये आणतो. ते वाचतात, मी टाइप करते. सध्या २०१३ च्या लग्नसराईत आहोत.

परवा माझा ऑफिसचा लॅपटॉप मीटिंगमध्ये दोनदा हँग झाला. घरी येऊन मी ऐटीत म्हटलं, 'बाबा, स्क्रू ड्रायव्हर द्या, याचीही रॅम वाढवू या.' मग मॉडेल शोधलं आणि कळलं, या पातळ लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांची रॅम मदरबोर्डवर कायमची डकवलेली असते. काढता येत नाही, वाढवता येत नाही. एक चिप गेली की बोर्डच बदला.

बाबांनी माझा चकचकीत लॅपटॉप उलटसुलट करून बघितला.

'स्टिक हाताला चिकटवून टाकली?' ते म्हणाले. 'अशाने कंपोझिटर काम कसं करणार गं?'

मी गपचूप टिकिट टाकलं.